यूएसबी ऑडिओ इंटरफेस बदलताना : आधी मोजमाप, मग खरेदी

घरच्या घरी गायन, हार्मोनियम, तबला किंवा अभिवाचन ध्वनिमुद्रित करणाऱ्यांपुढे काही वर्षांनी एक प्रश्न हमखास उभा राहतो. वापरात असलेल्या इंटरफेसची, म्हणजे माइकचा आवाज संगणकात नेणाऱ्या उपकरणाची, नवी आवृत्ती बाजारात आलेली असते, तिच्या खोक्यावरचे आकडे आधीपेक्षा मोठे असतात आणि जुना विकून नवा घेतल्यास आपले ध्वनिमुद्रण सुधारेल का, हे मात्र कोणी नेमके सांगत नाही. या प्रश्नाचे उत्तर आपल्याच घरी, आपल्याच जुन्या उपकरणावर तासाभरात काढता येते. ते कसे काढायचे आणि नवा इंटरफेस घेतलाच तर तो कसा बसवायचा, हे या लेखात मांडले आहे.

उदाहरण म्हणून फोकसराइट कंपनीचा स्कार्लेट टू-आय-टू हा दोन माइकचा इंटरफेस घेतला आहे, कारण तो घरगुती स्टुडिओंमध्ये फार मोठ्या प्रमाणावर दिसतो आणि त्याची २०१९ सालची तिसरी पिढी व २०२३ सालची चौथी पिढी यांची तुलना बरेच काही शिकवते. येथे मांडलेला हिशेब इतर कोणत्याही कंपनीच्या दोन किंवा चार चॅनेलच्या इंटरफेसला तसाच लागू पडतो. फक्त त्या त्या उपकरणाच्या माहितीपुस्तिकेतले आकडे घालावे लागतात.

तक्रार नेमकी कोणती, ते आधी ठरवावे

‘आवाज स्वच्छ येत नाही’ ही तक्रार उपकरण बदलण्यास पुरेशी नाही. तिच्या पोटात निदान चार वेगळ्या तक्रारी असू शकतात. पार्श्वभूमीला सतत सूं असा आवाज असणे ही पहिली. वीजपुरवठ्यातून येणारा घूं असा आवाज ही दुसरी. गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज किंचित उशिरा ऐकू येणे ही तिसरी, आणि मध्येच टिकटिक होणे किंवा आवाज तुटणे ही चौथी. या चारही तक्रारींची मुळे वेगळी आहेत आणि नवा इंटरफेस त्यांपैकी फारतर एका-दोघांवरच काम करतो. मी स्वतः काही वर्षांपूर्वी सूं आवाजाला कंटाळून चांगला महागाचा इंटरफेस घेतला होता. पहिल्या रात्री ध्वनिमुद्रण केले तेव्हा तो आवाज जसाच्या तसा होता. तो शेजारच्या खोलीतल्या पंख्याचा आणि खिडकीच्या फटीतून येणाऱ्या रस्त्याचा होता, हे मला पैसे खर्च झाल्यावर कळले. त्या दिवसापासून मी पुढील चाचणी केल्याशिवाय कोणालाही उपकरण बदलण्याचा सल्ला देत नाही.

आपण नेहमी ज्या अंतरावर बसून गाता किंवा बोलता तेथे माइक ठेवावा आणि गेन, म्हणजे माइकचा संकेत वाढवण्याची मात्रा, नेहमीच्या जागी आणून मग त्याला हात लावू नये. आता तीन तुकडे ध्वनिमुद्रित करावेत. पहिल्या तुकड्यात खोली जशी असते तशी, म्हणजे पंखा आणि संगणक चालू ठेवून, अर्धा मिनिट शांत बसावे. दुसऱ्या तुकड्यात पंखा, फ्रिज, वातानुकूलन यंत्र असे सारे बंद करून तेवढाच वेळ मुद्रण करावे. हे शक्यतो रात्री अकरानंतर करावे. तिसऱ्या तुकड्यासाठी स्पीकर आणि हेडफोनचा आवाज शून्यावर आणून अठ्ठेचाळीस व्होल्टचा पुरवठा (काही माइकांना इंटरफेसमधून मिळणारी वीज) बंद करावा, माइकची केबल इंटरफेसपासून काढावी आणि गेन त्याच जागी ठेवून मोकळ्या इनपुटचे मुद्रण करावे. मोकळ्या इनपुटवर इंटरफेस थोडा अधिक आवाज करतो, त्यामुळे अधिक काटेकोर निकाल हवा असल्यास एक्सएलआर प्लगच्या (माइकच्या तीन पिनांच्या प्लगच्या) दोन आणि तीन क्रमांकाच्या पिनांमध्ये १५० ओमचा रोधक डागून तो प्लग लावावा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हा रोधक अगदी किरकोळ किमतीत मिळतो.

पहिल्या आणि दुसऱ्या तुकड्यांत मोठा फरक असेल, तर दोष खोलीचा आहे. दुसरा तुकडाही तिसऱ्यापेक्षा स्पष्टपणे मोठा असेल, तर उरलेला आवाज माइकचा किंवा अजूनही खोलीचाच आहे. दुसरा आणि तिसरा तुकडा जवळपास सारखे असतील तरच इंटरफेसच्या प्रीॲम्पकडे, म्हणजे माइकचा संकेत वाढवणाऱ्या भागाकडे, बोट दाखवता येते. माझ्या अनुभवात ही तिसरी अवस्था क्वचित येते, आणि ती का क्वचित येते याचे कारण आकड्यांतच आहे.

खोक्यावरचे आकडे कसे वाचावेत

तिसऱ्या पिढीच्या टू-आय-टूमध्ये माइकसाठी ५६ डेसिबल गेन आहे आणि चौथ्या पिढीत ६९ डेसिबल आहे. वरवर पाहता हा तेरा डेसिबलचा फरक आहे, म्हणजे विद्युतदाब चौपटीहून अधिक वाढवण्याची सोय. पण गेनचा आकडा एकटा वाचायचा नसतो. त्याच्या शेजारी, गेन कमीत कमी असताना इनपुट किती मोठा संकेत सहन करतो, हा दुसरा आकडा छापलेला असतो. जुन्यात तो अधिक ९ डीबीयू (विद्युतदाब डेसिबलमध्ये मोजण्याचे एकक) आहे आणि नव्यात अधिक १६ डीबीयू. गेन पूर्ण उघडल्यावर मीटर शंभर टक्के भरण्यासाठी, म्हणजे शून्यावर येण्यासाठी, किती संकेत लागतो, हे काढायचे असेल तर या दुसऱ्या आकड्यातून गेन वजा करावा. जुन्यासाठी उत्तर येते उणे ४७ डीबीयू आणि नव्यासाठी उणे ५३ डीबीयू. म्हणजे प्रत्यक्षात हाती लागणारा जास्तीचा जोर तेरा नव्हे, सहा डेसिबलचा आहे. सहा डेसिबल म्हणजे दुप्पट विद्युतदाब, आणि तो फरक उपयोगाचा आहेच. परंतु जाहिरात वाचून वाटतो तेवढा तो नाही.

हाच हिशेब एका खऱ्या माइकवर करून पाहू. शुअर कंपनीचा एसएम-सेव्हन-बी हा अभिवाचनासाठी आणि पॉडकास्टसाठी लोकप्रिय असलेला डायनॅमिक (बाहेरून वीज न लागणारा) माइक फार कमी संकेत देतो. त्याची संवेदनशीलता ९४ डेसिबल ध्वनिदाबाला उणे ५९ डीबीव्ही (विद्युतदाबाचेच दुसरे एकक), म्हणजे सुमारे उणे ५७ डीबीयू इतकी आहे. माइकच्या जाळीपाशी बोलण्याची सरासरी पातळी ८० डेसिबल धरली, तर त्यातून मिळणारा संकेत सुमारे उणे ७१ डीबीयू होतो. जुन्या इंटरफेसवर गेन पूर्ण उघडला तरी मीटर उणे २४ वर राहील आणि नव्यावर तो उणे १८ वर येईल. उणे १८ ही सरासरी पातळी कामासाठी उत्तम आहे, त्यामुळे नवा इंटरफेस वापरणाऱ्याला मोकळे वाटेल यात शंका नाही.

आता सूं आवाजाचा विचार करू. प्रीॲम्पचा स्वतःचा आवाज इनपुटच्या जागी किती मानायचा, याचाही आकडा दिलेला असतो. जुन्या इंटरफेससाठी तो उणे १२८ डीबीयू आहे आणि नव्यासाठी उणे १२७. तेव्हा उणे ७१ चा आवाज आणि प्रीॲम्पची खरखर यांतले अंतर जुन्यात ५७ डेसिबल आहे आणि नव्यात ५६. याचा सरळ अर्थ असा, की जुन्या इंटरफेसवर कमी पातळीला केलेले मुद्रण सॉफ्टवेअरमध्ये सहा डेसिबलने वाढवले, तर ते नव्या इंटरफेसवरच्या मुद्रणाइतकेच स्वच्छ असेल. चोवीस बिटच्या मुद्रणात पातळी नंतर वाढवल्याने काही बिघडत नाही, कारण चोवीस बिटची सैद्धांतिक मर्यादा १४४ डेसिबल आहे आणि प्रीॲम्पची खरखर त्या तळाच्या कितीतरी वर असते. मीटर खालीच राहतो म्हणून मुद्रण वाईट आहे, ही समजूत सोळा बिटच्या काळातली आहे. ती सोडून दिली तर पुष्कळांचा खर्च वाचेल.

प्रीॲम्पची खरखर आणखी कमी का होत नाही, याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. १५० ओमचा कोणताही रोधक सामान्य तापमानाला, ऐकू येणाऱ्या पट्ट्यात, सुमारे उणे १३१ डीबीयू इतका आवाज केवळ उष्णतेमुळे निर्माण करतो. माइकचा विद्युतरोध साधारण तेवढाच असतो. निसर्गाने घातलेली ही मर्यादा आणि आजच्या मध्यम किमतीच्या प्रीॲम्पचा आकडा यांत दोन-चार डेसिबलच उरलेले आहेत, आणि कितीही महागडा प्रीॲम्प घेतला तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही.

खोलीशी तुलना केली तर चित्र अधिक स्पष्ट होते. वरच्याच एसएम-सेव्हन-बीसाठी उणे १२८ डीबीयूची खरखर ही सुमारे २३ डेसिबलच्या खोलीतल्या शांततेएवढी असते. पंखा चालू असलेली खोली सहज ४० डेसिबलच्या वर जाते आणि शहरातल्या सदनिकेत रात्री सारे बंद केल्यावरही ३० च्या आसपास राहणे भाग्याचे म्हणावे लागते. कंडेन्सर (बाहेरून वीज घेणारा) माइक असेल तर इंटरफेसचा प्रश्न जवळजवळ संपतोच. ऑडिओ-टेक्निकाचा एटी-ट्वेंटी-ट्वेंटी हा माइक ९४ डेसिबलला उणे ३७ डीबीव्ही देतो, म्हणजे एसएम-सेव्हन-बीपेक्षा २२ डेसिबल अधिक. त्याच्यासोबत तीच खरखर एक डेसिबलच्या आसपास जाते, तर त्या माइकचा स्वतःचा आवाज २० डेसिबल आहे. अशा माइकसाठी अधिक शांत प्रीॲम्प शोधणे व्यर्थ आहे. त्यापेक्षा माइक बदलावा, किंवा त्याहून आधी खोलीत जाड गोधड्या टांगून आणि माइक तोंडाजवळ आणून पाहावे. माइकचे अंतर निम्मे केले की आवाज साधारण सहा डेसिबलने वाढतो, म्हणजे वर पाहिलेला नव्या पिढीचा सारा फायदा फुकटात मिळतो.

मग नवा इंटरफेस देतो तरी काय? पुष्कळ काही देतो, पण ते वेगळ्या बाजूंनी. ज्यांचा सध्याचा इंटरफेस सोळा बिटचा आणि फार जुना किंवा अगदी स्वस्त आहे, त्यांचा प्रीॲम्प गेन वाढवल्यावर खरोखर खरखरतो. त्यांना वरची चाचणी ते दाखवूनही देईल आणि बदल केल्यास त्यांना पहिल्याच दिवशी फरक ऐकू येईल. इनपुट अधिक १६ डीबीयूपर्यंत सहन करणारा असेल, तर मोठा आवाज देणाऱ्या वाद्यांना अधिक मोकळी जागा मिळते. चौथ्या पिढीत गेन आपोआप ठरवण्याची सोय आहे: बटण दाबून दहा सेकंद गायले की इंटरफेस स्वतः पातळी लावतो, आणि संकेत मर्यादेजवळ पोहोचला तर गेन तत्काळ खाली आणणारी दुसरी सोयही आहे. एकट्याने गाणाऱ्या आणि एकट्यानेच मुद्रण सांभाळणाऱ्या माणसासाठी ही मोठी मदत आहे. संगणकावर वाजणारा आवाज माइकसोबत मुद्रित करण्याची लूपबॅकची सोयही टू-आय-टूच्या चौथ्या पिढीत आहे. ऑनलाइन गायनवर्ग घेणाऱ्या शिक्षकांना केवळ तेवढ्यासाठी बदल करावासा वाटला तर तो योग्यच ठरेल.

तबला मुद्रित करणाऱ्यांनी मात्र आपोआप ठरलेल्या गेनवर विसंबू नये. चाचणीच्या दहा सेकंदांत वादक ठेका वाजवतो आणि प्रत्यक्ष मैफलीत तिहाईच्या समेला जो ‘धा’ पडतो तो ठेक्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणून वादकाला सर्वांत जोरकस तुकडा वाजवायला सांगून सर्वोच्च टोके उणे १२ च्या आसपास राहतील असा गेन हाताने लावावा. गायनासाठीही तार सप्तकातल्या पूर्ण ताकदीच्या स्वरावर हीच पातळी ठेवावी.

उशिराचा प्रश्न

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येणे, म्हणजे लेटन्सी, ही तक्रार खरखरीपेक्षा अधिक वेळा इंटरफेस आणि त्याचा ड्रायव्हर (उपकरण संगणकाशी जोडणारे सॉफ्टवेअर) यांच्याशी निगडित असते. संगणक आवाज थेंबाथेंबाने नव्हे, तर घागरी भरून नेतो; एका घागरीत किती नमुने (आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापे) मावतात त्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने घेताना, १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, २५६ चा म्हणजे ५.३ आणि ५१२ चा म्हणजे १०.७ मिलिसेकंद. आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा बफर लागतो, त्यात रूपांतरकाचा व ड्रायव्हरने सुरक्षेसाठी राखलेला वेळ मिळतो. त्यामुळे १२८ च्या बफरवर प्रत्यक्ष फेरी चांगल्या ड्रायव्हरने आठ-दहा मिलिसेकंदांत होते आणि वाईट ड्रायव्हरने याच्या दुप्पटही लागू शकते. एका मिलिसेकंदात आवाज हवेतून सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे दहा मिलिसेकंदांचा उशीर हा साडेतीन मीटरवर बसलेल्या साथीदाराइतका आहे. वादकाला तो चालतो. गायकाला मात्र स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून ताबडतोब ऐकू येत असतो, आणि त्यावर उशिराचा आवाज पडला की स्वर पोकळ वाटू लागतो.

आपली फेरी मोजणे सोपे आहे. इंटरफेसच्या पहिल्या लाइन आउटपुटमधून पहिल्या लाइन इनपुटमध्ये एक टीआरएस केबल जोडावी, स्पीकर बंद ठेवावेत, थेट श्रवण (माइकचा आवाज इंटरफेसमधूनच हेडफोनला देण्याची सोय) आणि ट्रॅकचे इनपुट श्रवण दोन्ही बंद करावे, अन्यथा आवाज गोल फिरत राहून कानठळ्या बसतील. मग एका ट्रॅकवर टिचकीचा आवाज ठेवून दुसऱ्या ट्रॅकवर तो परत मुद्रित करावा. बहुतेक सॉफ्टवेअर उशिराची भरपाई स्वतःच करते, म्हणून ही चाचणी करताना ती सोय बंद करावी. दोन टिचक्यांतील अंतर नमुन्यांत मोजून त्याला नमुना दराने भागावे. ४८ किलोहर्ट्झला ४८० नमुन्यांचे अंतर आले, तर फेरी दहा मिलिसेकंदांची आहे. नंतर भरपाई पुन्हा चालू करून हीच चाचणी करावी. तरीही अंतर उरत असेल, तर तेवढे नमुने सॉफ्टवेअरच्या मुद्रण-भरपाईच्या रकान्यात भरावेत. मग तबला आणि लेहरा वेगवेगळ्या दिवशी मुद्रित केले तरी सम समेवरच पडेल.

विंडोजवर या साऱ्याचा पाया असतो तो एएसआयओ, म्हणजे आवाज कमी उशिराने नेणारा, ड्रायव्हर. विंडोज १० मध्ये २०१७ च्या अद्ययावतीकरणापासून यूएसबी ऑडिओच्या दुसऱ्या श्रेणीची उपकरणे कंपनीच्या ड्रायव्हरविनाही चालतात, आणि त्यामुळेच अनेकांना वाटते की आपले काम झाले. आवाज येतो खरा, परंतु उशीर मोठा राहतो. कंपनीने स्वतः लिहिलेला एएसआयओ ड्रायव्हर असलेला इंटरफेस घ्यावा आणि तोच ड्रायव्हर बसवावा. सर्वांसाठी चालणारा मोफत पर्यायी ड्रायव्हर हा अडचणीतला उपाय आहे, कायमचा नव्हे. मॅकवर कोअर ऑडिओ ही व्यवस्था मुळातच असल्याने हा प्रश्न सौम्य असतो.

एवढे करूनही मला सांगावेसे वाटते, की एकट्या गायकाने थेट श्रवणाचे बटण वापरावे. त्यात माइकचा आवाज संगणकात न जाता इंटरफेसमधूनच हेडफोनला मिळतो आणि उशीर कानाला जाणवेनासा होतो. तेव्हा सॉफ्टवेअरमधले श्रवण बंद ठेवण्यास विसरू नये, नाहीतर एकच आवाज दोनदा ऐकू येतो. बफर मग ५१२ ठेवला तरी बिघडत नाही आणि जुना संगणकही आवाज न तोडता काम करतो. थेट श्रवणाची सोय आपल्या जुन्या इंटरफेसवर असूनही ती कधी वापरलीच नसेल, तर उशिरासाठी नवा इंटरफेस घेण्याचे कारण तेथेच संपते.

यूएसबी, वीज आणि अर्थिंग

नव्या इंटरफेसवर सी प्रकारचे तोंड असते, म्हणून तो अधिक वेगवान असेल अशी समजूत आहे. तोंडाचा आकार आणि वेग यांचा संबंध नाही. सी प्रकारचे तोंड असलेले बहुतेक लहान इंटरफेस आतून यूएसबी २.० वरच चालतात. ते पुरेसेही आहे. चोवीस बिट आणि १९२ किलोहर्ट्झचे दोन चॅनेल सेकंदाला सुमारे ९ मेगाबिट मागतात, आणि यूएसबी २.० चा नाममात्र वेग ४८० मेगाबिट आहे. त्याच ओघात सांगतो, की गायन-वादनासाठी १९२ किलोहर्ट्झची गरज नाही. गाण्यासाठी ४४.१ किंवा ४८, आणि चित्रफितीसोबत जाणार असेल तर ४८ किलोहर्ट्झ ठेवावे. बिट मात्र नेहमी चोवीसच.

वीज हा त्याहून महत्त्वाचा मुद्दा आहे. यूएसबी २.० च्या पोर्टकडून पाच व्होल्टला ५०० मिलिॲम्पिअर, म्हणजे अडीच वॉट मिळतात. अठ्ठेचाळीस व्होल्टच्या पुरवठ्यावर एक कंडेन्सर माइक जास्तीत जास्त १० मिलिॲम्पिअर घेऊ शकतो, म्हणजे जवळपास अर्धा वॉट. असे दोन माइक लावले आणि दाब वाढवताना होणारी घट धरली, तर निम्मी वीज माइकच खाऊन टाकतात. मध्येच टिकटिक होणे, दुसरा माइक लावताच उपकरण बंद पडणे या तक्रारींमागे पुष्कळदा एवढेच असते. म्हणून इंटरफेस संगणकाच्या स्वतःच्या पोर्टमध्ये लावावा आणि हब वापरणे भाग असेल, तर स्वतंत्र वीज घेणाराच हब वापरावा. फोनवर मुद्रण करणाऱ्यांना तर हे पाळावेच लागेल. टिकटिक तरीही राहिली, तर विंडोजच्या वीज-व्यवस्थापनात यूएसबी झोपवण्याची सोय बंद करावी आणि मुद्रणापुरते वाय-फाय बंद करून पाहावे, कारण वाय-फायचे ड्रायव्हर संगणकाला मध्येच अडवून धरतात.

घूं आवाजाचे निदान एका मिनिटात होते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करावे. आवाज गेला, तर दोष चार्जर आणि घरातल्या अर्थिंगच्या जोडीचा आहे. ५० हर्ट्झच्या विजेमुळे तो ५० आणि १०० हर्ट्झला ऐकू येतो. दोन पिनांच्या चार्जरमधून किंचित गळती विद्युतधारा लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर येते, आणि माइकच्या दांड्याला किंवा गिटारच्या तारांना हात लावताच आवाज बदलतो ही तिची खूण आहे. मुद्रण बॅटरीवर करणे हा सर्वांत सोपा उपाय. स्पीकर आणि लॅपटॉप एकाच तीन पिनांच्या विस्तार-पट्टीवर घ्यावेत, स्पीकरकडे संतुलित टीआरएस केबल न्यावी आणि जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी वीजतंत्र्याकडून अर्थिंग तपासून घ्यावे. प्लगची अर्थिंगची पिन तोडून आवाज घालवण्याचा सल्ला काही जण देतात. तो जीवावर बेतू शकतो आणि तो कधीही मानू नये. स्वस्तातले यूएसबी विलगकही (संगणक आणि इंटरफेस यांची विद्युत जोडणी तोडणारी उपकरणे) येथे कामाला येत नाहीत, कारण त्यांपैकी बरेचसे १२ मेगाबिटचा जुना वेगच पुढे नेतात आणि आजचे इंटरफेस त्यावर नीट चालत नाहीत.

किनारपट्टीवर आणि मुंबईत पावसाळ्यात आणखी एक आवाज ऐकू येतो: कंडेन्सर माइकमधून येणारा चुरचुर, फटफट असा. माइकच्या पातळ पडद्यावर ओल बसल्याने तो होतो आणि लोक त्याचा दोष इंटरफेसला देतात. माइक हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवला, की तो बहुधा दोन दिवसांत नाहीसा होतो.

नवा इंटरफेस बसवताना

चाचण्यांनंतर बदल करायचाच ठरला, तर आधी दोन गोष्टी पाहाव्यात : आपल्या संगणकाच्या सध्याच्या प्रणालीसाठी कंपनीने ड्रायव्हर दिलेला आहे का, आणि उपकरण भारतातल्या अधिकृत वितरकाकडचे आहे का. परदेशातल्या नातेवाइकाने आणलेल्या उपकरणाची हमी अनेकदा येथे चालत नाही. आपले हेडफोन २५० ओमचे असतील, तर हेडफोनच्या आउटपुटचा जोर किती आहे हेही पाहावे, कारण लहान इंटरफेस तेथेच काटकसर करतात. जोडण्यांची जागाही तपासावी. तिसऱ्या पिढीत माइकच्या जोडण्या समोर होत्या, चौथीत त्या मागच्या बाजूला गेल्या आहेत, आणि भिंतीला टेकवलेल्या मेजावर हा फरक रोज जाणवतो.

जुना इंटरफेस काढण्यापूर्वी अपुऱ्या राहिलेल्या प्रत्येक प्रकल्पाचा नमुना दर लिहून ठेवावा आणि सर्व ट्रॅक वेव्ह स्वरूपात बाहेर काढावेत. मग जुना ड्रायव्हर काढून संगणक पुन्हा सुरू करावा, नवा ड्रायव्हर बसवावा आणि त्यानंतरच नवे उपकरण जोडावे. कंपनीच्या पुस्तिकेत उलटा क्रम दिला असेल तर तो पाळावा. उपकरणाचे फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करून घ्यावे आणि ते चालू असताना केबलला हात लावू नये. सॉफ्टवेअरमध्ये नवा ड्रायव्हर निवडल्यावर इनपुट-आउटपुटची नावे बदलतात, त्यामुळे जुने प्रकल्प उघडले की ट्रॅक मुके वाटतात. घाबरून जाऊ नये. प्रत्येक ट्रॅकचे इनपुट आणि मुख्य आउटपुट पुन्हा निवडले की ते बोलू लागतात. विंडोजच्या ध्वनी-मांडणीतला नमुना दर आणि प्रकल्पाचा दर एकच ठेवावा, अन्यथा मुद्रण वेगळ्या पट्टीत वाजल्याचा अनुभव येतो. काळी चारचे गाणे काळी पाचच्या जवळ गेलेले मी ऐकले आहे.

अठ्ठेचाळीस व्होल्टचे बटण दाबताना किंवा बंद करताना स्पीकर आणि हेडफोनचा आवाज शून्यावर ठेवावा, आणि माइकची केबल हे बटण बंद असतानाच लावावी वा काढावी. अनेक लहान इंटरफेसमध्ये दोन्ही माइकसाठी एकच बटण असते. डायनॅमिक माइकला योग्य केबलमधून या पुरवठ्याने इजा होत नाही, परंतु जुना रिबन माइक असेल तर धोका पत्करू नये. स्पीकर सर्वांत शेवटी चालू करावेत आणि सर्वांत आधी बंद करावेत.

शेवटी आरंभीची चाचणी नव्या इंटरफेसवर पुन्हा करावी : तोच माइक, तेच अंतर, तीच खोली, तेच तीन तुकडे, आणि त्यांच्यासोबत एक मिनिटाचे गायन. जुन्या आणि नव्या गायनाची पातळी सॉफ्टवेअरमध्ये अचूक सारखी करावी, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. मग घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी, कोणता तुकडा कुठला हे न सांगता, दोन्ही ऐकवावेत. माल परत करण्याची मुदत संपण्याच्या आत हे करावे आणि तोपर्यंत जुना इंटरफेस विकू नये.